हब मोटरची बॅटरी घेताय? आधी काट्यावर ठेवा

साध्या सायकलला हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी विजेची मोटर, बसवायचा किट मी बॅटरीसकट एकाच विक्रेत्याकडून घेतला. मोटर २५० वॅटची, बॅटरी ३६ व्होल्ट १५ एएच (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), एका चार्जवर ५० किलोमीटर कुठेच गेले नाहीत, असं त्याचं म्हणणं. मोटरबद्दल तक्रार नाही, ती आजही चालते. फसवलं ते बॅटरीत.

पहिल्याच दिवशी अकराव्या किलोमीटरला सायकल बंद पडली. दुसऱ्या दिवशीही तेच. फोन केला की दर वेळी नवं कारण. टायरमध्ये हवा कमी असेल, तुम्ही पॅडल मारत नसाल, बॅटरी नवी आहे, चार-पाच चार्जिंगनंतर खुलेल. लिथियम बॅटरी अशी खुलत बिलत नाही हो, नवी असतानाच ती सगळ्यात चांगली चालते! पण हे कळेपर्यंत परतीची मुदत निघून गेली होती.

मला खटकलं ते चार्जिंग. चार्जरवर ४२ व्होल्ट, २ अँपिअर छापलं होतं. म्हणजे १५ एएच भरायला निदान साडेसात तास हवेत. दिवा मात्र दोन तासांच्या आतच हिरवा व्हायचा. चार एएचसुद्धा आत जात नव्हते.

शेवटी बॅटरीची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे गेलो. त्याने स्क्रू काढून झाकण उचललं. आत २० सेल, बाकी जागेत दाबून भरलेला फोम. ३६ व्होल्टसाठी १० सेल सिरीजमध्ये लागतात, आणि १५ एएच हवे तर ३ एएचच्या सेलच्या अशा पाच रांगा, म्हणजे ५० सेल. सेलवरचं निळं वेष्टण कोरं करकरीत होतं. त्याने एकाचं ब्लेडने सोललं, तर टोकाला आधीची निकेलपट्टी उपटल्याच्या खुणा. जुन्या बॅटरीतून काढलेले सेल नवे कपडे घालून बसवले होते.

त्याहून वाईट म्हणजे आत बीएमएसच नव्हता, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून वेळेवर चार्जिंग तोडणारं सर्किटच नव्हतं, दोन जाड वायरी सरळ बाहेर आल्या होत्या. एखादा कमजोर सेल ४.२ व्होल्टच्या वर गेला तर थांबवणारं कुणी नाही. आणि ही बॅटरी मी रोज घरात, आम्ही झोपतो त्या खोलीत चार्जिंगला लावत होतो. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सील तोडलंत, वॉरंटी संपली."

तेव्हा पैसे देण्याआधी बॅटरीचं वजन करा. अशा बॅटरीत असतो तो १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, म्हणजे ५० सेलच सव्वादोन-अडीच किलो भरतात. माझी पेटीसकट दीड किलो होती, हातात घेतल्यावरच कळायला हवं होतं. या आकाराचा सेल साधारण साडेतीन एएचच्या पुढे जात नाही, त्यामुळे ९.९ एएच छापलेला सेल दाखवला तर तिथूनच मागे फिरा. सेलचं मॉडेल, संख्या आणि बीएमएस किती अँपिअरचा, हे बिलावर लिहून मागा. शंका आली तरी पेटी स्वतः उघडू नका, एक पाना आडवा पडला तरी शॉर्ट होऊन आग लागू शकते.

दुसरी बॅटरी घेताना मी हेच केलं. दोघांनी लिहून द्यायला टाळाटाळ केली. तिसऱ्याने काही न बोलता काटा पुढे सरकवला.