एकिपाल खुर्च्या: एक पावसाळा काढल्यानंतर

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात राहणाऱ्या बहुतेकांनी एकिपाल पाहिलेली असते, त्यामुळे वर्णन थोडक्यात: वर डुकराच्या कातड्याची ताणलेली बैठक, खाली तिरक्या लाकडी पट्ट्यांचं गोल बूड, पाय नाहीतच. आम्ही चार खुर्च्या आणि एक टेबल शहराला लागून असलेल्या तोनालातल्या एका दुकानातून घेतलं. बसायला उत्तम. पाठीला टेकू हवा तिथेच मिळतो, दोन तास बसलं तरी कंबर धरत नाही.

माझी तक्रार भुशाची आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि एका खुर्चीखाली फरशीवर पिवळसर पीठ दिसलं. पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. टॅल्कम पावडरइतकं बारीक. खुर्ची उलटी केली तर पट्ट्यांना टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं. इथे याला पोलिया म्हणतात. ही कीड लाकडाच्या बाहेरच्या, कोवळ्या भागातला स्टार्च खाते. देवदाराच्या जातीचं म्हणून विकलं जाणारं इथलं सेद्रो लाकूड गाभ्याचं असेल तर किडीला दाद देत नाही, पण पट्टी कडेच्या लाकडाची निघाली की तिला कोणी वाली नाही.

दुकानदाराचं उत्तर: “हाताचं काम आहे, असं होतंच.” हे मला अजिबात मान्य नाही. हाताने केलेलं म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि हाताने केलेलं म्हणूनच कीडही सोसायची? फोटो पाठवले, दोनदा जाऊन आलो. बदलून देणं सोडाच, वॉर्निशचा डबाही विकतच घ्या म्हणाला.

तेव्हा मी एकिपालला दोन तारे देणार होतो. मग ऑफिसातल्या एकाने साकोआल्को दे तोरेसला जायला सांगितलं. हालिस्को राज्यातलं हे गाव या खुर्च्यांचं माहेर. अॅझ्टेक राजे अशाच पाठीच्या, पण गवताने विणलेल्या आसनांवर बसलेले जुन्या चित्रपोथ्यांत दिसतात. तिथल्या कारागिराने खुर्ची मांडीवर घेतली, पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथले वाखाचे बंद सोडले, किडलेल्या तेवढ्या काढल्या आणि नव्या बांधल्या. हो, वाखच! आपल्याकडे बांधावर घायपात असतं, त्याच कुळातल्या मॅग्वेचा. सैल झालेली बाज पुन्हा विणून घ्यावी तसं झालं. पैसे घेतले ते दुकानातल्या नव्या खुर्चीच्या किमतीपुढे नगण्य.

म्हणून मत बदललं. पट्टी न् पट्टी सुटी बदलता येते असं फर्निचर मी आजवर वापरलेलं नाही. दुरुस्तीसाठी पूर्ण गुण. उरलेल्या पट्ट्यांना बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी पाजलं, वाळल्यावर वॉर्निश. क्रम उलटा करू नका, वॉर्निशच्या थरातून पाणी आत मुरत नाही. वॉर्निशने लाकडाची छिद्रं बुजतात, मग कीड तिथे अंडी घालू शकत नाही.

कातड्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ओलं असताना ताणलेलं असतं, त्यामुळे पावसात भिजलं की सैल पडतं, छपराखालीच ठेवा. मार्च ते मेच्या कोरड्या उन्हाळ्यात थोडं मेण चोळा.

आणखी दोन खुर्च्या थेट साकोआल्कोला सांगितल्या आहेत. अट एकच घातली: पट्ट्या बांधण्याआधी बोरॅक्सच्या पाण्यातून काढायच्या, आणि उरलेले पैसे बूड तपासल्यावर.