वेब्ली म्हणून घेतलं, जस्त निघालं

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. ६७,५०० रुपये. त्यातले ४७,५०० एका खोट्या वेब्लीला, म्हणजे जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरला, गेले आणि २०,००० एका खोट्या पोलिसाला. हे वाचून माझ्या ओळखीचे लोक हसतील. हसा. पण तुमच्यापैकी ज्यांना जुन्या हत्यारांचं वेड आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण तो माणूस अजून धंदा करतोय.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत टर्नर. ३१ वर्षं लेथवर. हे मुद्दाम सांगतोय. धातू ओळखण्यात ज्याची हयात गेली, त्याला धातूतच गंडवलं.

आमच्याकडे फौजेचं वेड घराघरांत. आपशिंगे गावाच्या नावामागे तर 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं कामी आली. माझे पणजोबा त्याच युद्धात मेसोपोटेमियात होते. घरात त्यांचा एक ग्रुप फोटो आहे, मधे गोरा साहेब खुर्चीवर, त्याच्या कमरेला होल्स्टर. ते होल्स्टर बघत मी लहानाचा मोठा झालो. पणजोबांच्या हातात रिव्हॉल्व्हर कधी आलंच नसणार. ते साधे शिपाई, त्यांना रायफल. पण वेडाला असले हिशेब कळत नाहीत.

दर रविवारी मी क्लबात दहा मीटरवर एअर पिस्तूल मारतो, ४.५ मिलिमीटरचे छर्रे. त्याच्या पलीकडे आपली मजल नाही. रात्री मोबाइलवर मात्र परदेशातल्या लोकांना टोकारेव्ह, नागान, मकारोव्ह अशी सैन्यातून निकाली निघालेली पिस्तुलं चालवताना बघायचो. अमेरिकेत पन्नास वर्षांपेक्षा जुनी हत्यारं जमवणाऱ्यांसाठी वेगळं लायसन्स मिळतं. आपल्याकडे लायसन्सवर सुद्धा दोनच हत्यारं, तीही २०१९ पासून. त्याआधी तीन चालायची. नऊ एमएम गोळीचं पिस्तूल सामान्य माणसाला बंद. म्हणून तर आपल्या आयुध निर्माणीचं रिव्हॉल्व्हर .३२ बोअरचं. हे सगळं मला पाठ होतं, आणि पाठ असण्याचीच मोठी घमेंड होती.

जुनी नाणी, तलवारी, बिल्ले यांच्या एका ग्रुपवर त्या विकणाऱ्याची गाठ पडली. स्वतःला माजी सैनिक म्हणवायचा. पहिल्याच फोनला, "जय हिंद दादा. ब्रॉड ॲरो म्हणजे काय माहिताय का तुम्हाला?" मी सांगितलं, ब्रिटिश सरकारी मालाचा बाणाचा शिक्का. आणि दोन बाण टोकाला टोक लावून असले तर तो माल सरकारने विकून टाकलेला. तो म्हणाला, "बास. तुमच्याशीच बोलायचं. बाकीचे नुसते फोटो मागतात."

त्याच वाक्यावर मी विकलो गेलो.

माल असा होता : वेब्ली मार्क सहा, .४५५ बोअर, १९१६ची, सहा इंची नळी. ही फौजेत आली १९१५ साली. वरची खिट्टी अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर येतात. कराडकडच्या कुठल्याशा सुभेदार मेजरच्या घरातून निघालेली, सुनेला घरात नको, वगैरे. फोटो अप्रतिम होते. फ्रेमवरचा आणि सिलिंडरवरचा नंबर एकच, दोन बाण टोकाला टोक. (ते फोटो परदेशातल्या एका लिलावाचे होते. फोटो टाकून शोधायला दोन मिनिटं लागतात. मी शोधले पैसे गेल्यावर.)

लायसन्सचं विचारलं तर त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, नळीत रॉड घालून वेल्ड केलंय, इंग्लंडात करतात तसं, दाखल्यासकट. दुसरी, शंभर वर्षं उलटली की हत्यार पुरावस्तू होतं, लायसन्स लागत नाही. पुरावा म्हणून शस्त्र कायद्याच्या कलम ४५चा स्क्रीनशॉट. त्यात होतं, जुनाट बनावटीच्या किंवा पुरातन मोल असलेल्या हत्याराला हा कायदा लागू नाही. बरोबर आहे. पण वाक्य तिथे संपत नाही. पुढे लिहिलंय की ते हत्यार दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसलं पाहिजे. स्क्रीनशॉट नेमका त्याच्या अलीकडे कापला होता. आणि शंभर वर्षांची अट आहे १९७२च्या पुरावस्तूंच्या कायद्यातली. त्या माणसाने दोन कायद्यांची खिचडी करून मला वाढली आणि मी तूप घालून खाल्ली.

पैसे तीन हप्त्यांत गेले. १०,००० बयाणा, ३२,००० बाकी आणि ५,५०० 'एनओसीची फी'. या फीची पावती जबलपूर डेपोच्या नावाने आली, शिक्क्यासकट. जबलपूरच्या भांडारातून फौजींना लायसन्सवर निकाली हत्यारं मिळतात, हे खरं आहे. त्याच्या प्रत्येक थापेत असा एक खरा खडा असायचा. पण कराडच्या सुनेच्या मालाला जबलपूरची एनओसी कशाला, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असेल, तर मी तो गिळला.

पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीने आलं. रात्री साडेदहाला हायवेवर भिजत उभं राहून घेतलं. बायकोला सांगितलं, लेथचा चक आहे.

स्वयंपाकघरात ओट्यावर उघडलं. थर्मोकोल, वर्तमानपत्र, मग कापड. बघताक्षणी छाती भरून आली. काळपट निळा रंग, मुठीला खालून दोरीची कडी, खिट्टी दाबली तर खरंच झुकतंय. मग हातात तोललं आणि कुठेतरी खटकलं. खरी वेब्ली अकराशे ग्रॅमच्या आसपास भरते. बायकोच्या काट्यावर हे ८६० भरलं. ट्रिगर गार्डच्या आतून बोट फिरवलं तर बारीक धार लागली, सरळ रेषेत. ही रेषा मी रोज बघतो. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. मग नंबर बघितला. फौजेत नंबर पंचाने ठोकतात, आकडा आत रुततो. इथे आकडे नखाला वर लागत होते. साच्यातच ओतलेले!

लोहचुंबक आणलं. आतल्या स्प्रिंगपाशी जरासं ओढलं, बाकी कुठे चिकटेना. शेवटी कानस घेतली आणि मुठीखाली एक हात मारला. निळ्या रंगाखाली पांढरं. जस्ताची भरणी. शोकेसमधलं खेळणं. आणि नळी बंद का, तर 'वेल्ड' केलीय म्हणून! खेळण्याची नळी मुळातच बंद असते. ती बंद असण्याचं कारण त्याने आधीच माझ्या गळी उतरवून ठेवलं होतं.

त्याला फोन लावला. बंद. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच नंबरवरून फोन आला, हिंदीत, मागे वायरलेसची खरखर. "आपका पार्सल स्कॅन में पकडा गया है." माझं नाव, पत्ता, पार्सलचा दिवस, सगळं बरोबर. विनालायसन्स हत्यार बाळगल्याची शिक्षाही त्याने बरोबर सांगितली, दोन ते पाच वर्षं. मिटवायचे ८०,००० मागितले. आता गंमत बघा. कपाटात जस्ताचं खेळणं आहे हे मला स्वतःच्या कानशीने कळलेलं, तरी पाय लटपटत होते. कारण मागवताना मी खरं समजूनच मागवलं होतं ना! २०,००० मी त्याच रात्री पाठवले.

सगळा धंदा या लाजेवर चालतो. तक्रार करणार कोण आणि काय सांगणार? साहेब, बेकायदा रिव्हॉल्व्हर मागवलं होतं, ते खोटं निघालं?

उरलेल्या साठ हजारांसाठी फोन सुरूच राहिले तेव्हा गल्लीतल्या तात्यांकडे गेलो. तात्या रिटायर सुभेदार. वस्तू हातात घेतली, एकदाच खिट्टी दाबली आणि ओट्यावर आपटली. "येड्या, खोटं निघालं म्हणून घरी बसलायस. खरं निघालं असतं तर?" नळीतला वेल्ड काय, एखादा कारागीर नळीच बदलतो, म्हणाले, मग कलम ४५ तुला कुठून वाचवणार? आणि ज्याला खरंच हत्यार विकायचंय तो फोनवर विकत नाही. आधी लेखी कळवतो, जिल्हाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला, मग ४५ दिवस थांबतो, आणि घेणाऱ्याचं लायसन्स बघितल्याशिवाय हत्याराला हात लावू देत नाही. "तुझ्याकडं त्यानं लायसन्स मागितलं का?" नव्हतं मागितलं. मला तेव्हा तो दिलदारपणा वाटला होता.

तात्यांच्याच फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. बराच उशीर झाला होता. पैसे गेल्या गेल्या केली असती तर खातं गोठवायला वाव असतो, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तात्या मला पोलीस ठाण्यात घेऊन गेले, वस्तूसकट, पिशवीत. वाटेत पोवई नाक्यावर सिग्नल लागला तर मला वाटलं, सगळा नाका माझ्या पिशवीकडे बघतोय.

हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हसले नाहीत, त्याबद्दल त्यांचे आभार. नळीत टॉर्च मारून बघितला, कानशीच्या जागेवर अंगठा फिरवला, वजन केलं आणि लिहायला घेतलं. सही करताना मी वाचलं : 'रिव्हॉल्व्हरसारखी दिसणारी वस्तू, नग १, धातू पांढरा, किंमत अंदाजे रुपये ६००.'