एकट्याचं रात्रीचं जेवण: मेस, मावशी, कुकर की विकतची पोळी?

रात्री घरी नेमके किती वाजता पोहोचता, ते आधी स्वतःशी खरं खरं ठरवा. एकट्या राहणाऱ्या पुरुषापुढे रात्रीच्या जेवणाचे पर्याय मोजकेच असतात आणि त्यातले निम्मे या एका उत्तरातच गळतात. पुण्यातल्या बऱ्याच मेस साडेनऊ-दहाला आवरायला घेतात. पोळी-भाजी केंद्रावरच्या पोळ्या त्याच्याही आधी संपतात. आणि दहानंतर दार उघडणाऱ्याला ‘रोज करून खाईन’ हा संकल्प पहिल्याच आठवड्यात जड जातो. चव, पैसा, तब्येत हे सगळं त्यानंतर.

दुसरा निकष भांड्यांचा. खिचडीला वीस मिनिटं लागतात हे कुणीही सांगतं. कुकर, त्याची रिंग, कढई, पळी, ताट घासायला आणखी दहा-पंधरा लागतात हे कुणी सांगत नाही. रात्रीची भांडी तशीच राहिली की सकाळी चहाचं पातेलं त्याच ढिगाखालून ओढावं लागतं आणि संध्याकाळी आपोआप मोबाइलवरून काहीतरी मागवलं जातं. म्हणून इथे प्रत्येक पर्यायाला भांडी किती पडतात, हे मी मुद्दाम मोजलं आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, पण ठाणे-डोंबिवलीत किंवा नाशकात राहणाऱ्याला फार बदल करावा लागणार नाही.

मेस आणि डबा

मेसचं गणित महिन्याच्या आकड्यावरून करू नका, प्रत्यक्ष जेवलेल्या ताटांवरून करा. समजा रात्रीच्या जेवणाचे महिन्याला 2600 रुपये आगाऊ घेतात. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, ही पुण्याची जुनी रीत. म्हणजे महिन्यात साधारण 26 रात्री उरल्या आणि ताट 100 रुपयांना पडलं. पण शुक्रवारी गावाला पळणारे, मधेच मित्रांबरोबर बाहेर जेवणारे असाल आणि 16 च रात्री जेवलात, तर तेच ताट 160 च्या वर गेलं. इथे खाड्याचा नियम कामाला येतो. काही ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं की खाडा धरतात, काही ठिकाणी सलग तीन-चार दिवस नसाल तरच, आणि काही ठिकाणी मालक फक्त मान डोलावतात. पैसे भरण्याआधी हा एकच प्रश्न विचारा, भाजीत तेल किती ते नंतर बघता येईल.

मेसच्या बाजूने बोलायचं तर एक गोष्ट स्वतःच्या स्वयंपाकाला कधीच जमत नाही, ती म्हणजे भाज्यांची फिरती. एकटा पुरुष स्वतःहून गवार आणून तिच्या शिरा काढत बसत नाही. पडवळ तर त्याच्या पिशवीत चुकूनही येत नाही. बटाटा, टोमॅटो, कांदा, फार तर फ्लॉवर एवढ्यावर त्याचं वर्ष निघतं. मेसच्या ताटात एक सुकी, एक रश्शाची, आमटी-भात आणि चार पोळ्या असतात आणि महिन्याभरात दुधी, गवार, मटकी, मेथी, चवळी सगळं फिरून येतं. बटाट्याचा मारा तिथेही असतोच, ते गृहीत धरा.

एकट्या पुरुषांना जेवू घालण्याचा हा व्यवसाय आजचा नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे आणि जेवायला खाणावळ चालवणाऱ्या बाईंकडे जायचे. त्या बायका माल भरायला सावकाराचं कर्ज काढत. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आजही ज्या घरगुती मेसमध्ये स्वयंपाक करणारी बाई स्वतः वाढायला असते, तिथली आमटी सहसा बरी लागते, असं माझं मत आहे.

घरपोच डबा मला मेसपेक्षा खालचा वाटतो. तो साडेसातला दाराच्या कडीला अडकवलेला असतो आणि तुम्ही दहाला येता. तोवर पोळ्यांना वाफ धरलेली असते, भात कोमट आणि आमटीवर साय. गरम करायचं म्हटलं की दोन पातेली पडली. वर डबा घासून परत द्यायचा. आठच्या आत घरी असणाऱ्यानेच त्याच्या वाटेला जावं.

स्वयंपाकाच्या मावशी

तीन-चार मुलांच्या फ्लॅटमध्ये ही सोय सगळ्यात चांगली. एकट्यासाठी मात्र गाडी अडते. एका माणसाच्या स्वयंपाकाला मावशींची खेप तेवढीच पडते, म्हणून पैसे निम्मे होत नाहीत. बहुतेकींना सकाळची वेळ सोयीची, म्हणजे सात वाजता केलेली भाजी तुम्ही रात्री नऊला खाणार. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात ते चालायचंच नाही. शिवाय एकट्या पुरुषाच्या घरी काम धरायला बऱ्याच जणी कचरतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. सोसायटीत आधीपासून काम करणाऱ्या, शेजारच्यांच्या ओळखीच्या मावशी मिळाल्या तरच जमतं. सामान आणणं, भाजी सांगणं, ‘आज येणार नाही’ हा फोन घेणं हे तुमच्याकडेच राहतं.

कुकर: खिचडी

आता स्वतः करायचं म्हटल्यावर पहिला मान खिचडीला. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, तीन वाट्या पाणी, हळद, मीठ, हिंग, तुपात जिऱ्याची फोडणी. मूगडाळ भिजवावी लागत नाही, तीन-चार शिट्ट्यांत मऊ होते. तूरडाळ घेतलीत तर थोडं थांबावं लागतं आणि पोटाला जडही जाते. दोन गोष्टी सांभाळा. फोडणी कुकरमध्येच करा म्हणजे वेगळं कढलं लागत नाही. आणि शिट्ट्या झाल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. घाईने शिट्टी उचलली की हळदीचं पाणी ओट्यावर उडतं आणि वाचवलेली दहा मिनिटं पुसण्यात जातात. एकूण भांडी दोन: कुकर आणि ताटली. बरोबर पापड हवा असेल तर आचेवर भाजा, तळू नका; तळण्याच्या तेलाचं पुढे काय करायचं हा प्रश्न एकट्याला सुटत नाही.

खिचडीचा दोष असा की ती तिसऱ्या दिवशी नकोशी होते. त्यावर उपाय म्हणून त्याच कुकरमध्ये नुसता मऊ भात लावून वर तूप-मेतकूट घ्यावं, किंवा एखाद दिवशी गाजर-मटार टाकून मसालेभाताची हौस भागवावी. उरलेला भात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजलेल्या भातात तग धरून राहणारे जिवाणू उबेत वाढतात, त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही पुरतं जात नाही. फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी फोडणीचा भात करा. फ्रिज नसेल तर बेतानेच शिजवा.

विकतची पोळी, घरचं कालवण

मला विचाराल तर साडेआठच्या आत घरी पोहोचणाऱ्याने डोळे झाकून हा मार्ग धरावा. कणीक मळणं, लाटणं, भाजणं, मग पोळपाट-लाटणं-परात-तवा घासणं आणि ओट्यावर सांडलेलं पीठ गोळा करणं, एवढं सगळं तीन पोळ्यांसाठी करायला फार हौस लागते. ज्यांना आहे त्यांनी जरूर करावं. बाकीच्यांसाठी पोळी-भाजी केंद्रं आहेत. तिथून पोळ्या किंवा भाकऱ्या घ्या, भाजी घेऊ नका. पोळी कुणाचीही बऱ्यापैकी सारखीच असते, भाजी मात्र सगळ्यांच्या जिभेला मानवेल अशी गुळमट आणि तेलकट केलेली असते, आणि किंमतही तिचीच जास्त.

घरी कालवण एकच, आणि त्यात पिठल्याला तोड नाही. अर्धी वाटी बेसन दीड-दोन वाट्या गार पाण्यात आधी कालवून घ्या; कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गाठी झाल्याच समजा. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हवा तर कांदा, हळद, आणि वरून कालवलेलं पीठ. मंद आचेवर सतत ढवळत राहिलं की पाच मिनिटांत ते कडा सोडतं. मग झाकण ठेवून एक दणदणीत वाफ. पिठलं कच्चं राहिलं तर जिभेला लगेच कळतं आणि पोटाला रात्री. भांडी: कढई, एक वाडगा, ताट. कढई लगेच पाण्यात भिजत घाला, वाळलेलं बेसन खरवडताना जीव जातो. कोकणातल्यांनी कुळथाचं पीठ गावाहून आणलेलं असेलच. त्याचं पिठलं पातळ करा आणि भातावर घ्या.

अंडी

घरमालकाने करारात ‘फक्त शाकाहारी’ लिहून घेतलं असेल तर हा भाग सोडून द्या. भुर्जीचा वास जिन्यापर्यंत जातो आणि मालक बहुधा वरच्याच मजल्यावर असतात.

ज्यांना मोकळीक आहे त्यांच्यासाठी अंड्याइतकं सोयीचं काही नाही. फ्रिज नसला तरी थंडीच्या दिवसांत आठवडाभर टिकतं, निवडायचं-चिरायचं काही नाही आणि एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे रोज शरीराच्या वजनामागे किलोला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 65 किलोच्या माणसाला 54 ग्रॅम. तीन अंड्यांच्या भुर्जीत 18 आली. पाव वाटी मूगडाळीच्या खिचडीत डाळीची दहा-बारा आणि तांदळाची थोडी, अर्ध्या वाटीच्या पिठल्यातही जवळपास तेवढीच. म्हणजे डाळ-बेसनावर असणाऱ्याने वाटीभर दही किंवा मूठभर शेंगदाणे जोडीला घेतले तर तोही मागे राहत नाही. भुर्जी पावाबरोबर खा, पोळीबरोबर खा, पण कांदा भरपूर घाला आणि तो नीट लाल होईपर्यंत थांबा. भूक लागलेला माणूस नेमका तिथेच घाई करतो.

चूल न पेटवता

उशिरा येणाऱ्यांनी सोलापूरची कडक भाकरी घरात ठेवावीच. ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी कुरकुरीत, ओल लागू दिली नाही तर महिनाभर टिकते. शेंगाची चटणी, दही, फोडलेला कांदा एवढ्यावर जेवण होतं. आमटी उरली असेल तर तीत चुरून खाल्लेली आणखी चांगली. दुसरा उपाय दही-पोह्यांचा: पातळ पोहे, दही, मीठ, साखर चिमूटभर, वर लोणचं. दोन्हीला मिळून एक ताटली आणि एक चमचा. साडेदहाला घरी येऊन मागवलेल्या बिर्याणीची पावणेबाराला वाट बघणारे आणि बारानंतर भरल्या पोटाने झोपणारे माझ्या ओळखीचे कितीतरी आहेत; त्यांना हा बेत सांगितला की ‘हे काय जेवण झालं?’ म्हणतात. झालं की.

मागवण्याबद्दल जास्त लिहायला नको. पदार्थाची किंमत, पॅकिंग, पोहोचवण्याचे पैसे आणि कर मिळून एका रात्रीत जे जातं, त्यात घरचं पिठलं-भाकरी चार-पाच वेळा सहज होते. आठवड्यातून एकदा ठीक. मॅगीचंही तसंच. 70 ग्रॅमच्या पुड्यात मैदा आणि मीठ, पोट अर्धवट भरतं आणि तासाभराने बिस्किटं शोधायला लावतं. करायचीच तर अंडं फोडून घाला.

मग कुणी काय घ्यावं

नवीन शहरात पहिले दोन-तीन महिने मेस लावा. घर लागायचं असतं, कामाच्या वेळा कळायच्या असतात आणि मेसमध्ये चार तोंडं दिसतात, तेही त्या काळात लागतं. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पेठांत राहणाऱ्यांनी तर पुढेही मेसच चालू ठेवावी, त्यांचा वेळ भांड्यांत घालवण्यासारखा नाही. नोकरीत घडी बसली आणि वेळेत घरी येता येत असेल तर मेस सोडून पोळ्या विकत आणि कालवण घरी, मधे दोन दिवस खिचडी. येण्याची वेळ रोज बदलत असेल तर महिन्याचे पैसे कुठेच अडकवू नका. अंडी, कडक भाकरी, पोहे घरात ठेवा आणि जमेल त्या दिवशी कुकर लावा.

सामानाचंही त्याच क्रमाने. गॅसच्या जोडणीला पत्त्याच्या पुराव्यासाठी अडत असेल तर 5 किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. इंडक्शनची शेगडी घेणार असाल तर कुकर घेताना बूड त्यावर चालणारं आहे ना ते बघा, साधा अ‍ॅल्युमिनियमचा तिच्यावर तापत नाही. 1200 वॉटवर वीस मिनिटं खिचडी शिजवली तर वीज अर्ध्या युनिटच्याही आत लागते. कुकर तीन लिटरचा पुरे. आई पाच लिटरचा घे म्हणेल, पाहुणे आले तर म्हणून. पाहुणे आले की त्यांना मेसमध्ये न्या, रविवार संध्याकाळ सोडून.