डी८५० की ५डीएस आर: सावलीतला तपशील कोण राखतं?

मेगापिक्सेलचा हिशेब आधी उरकून टाकू. कॅननचा ५डीएस आर हा कॅमेरा २०१५ चा, ५०.६ मेगापिक्सेलचा, त्याची फाइल ८६८८ × ५७९२. निकॉन डी८५० २०१७ चा, ४५.७ मेगापिक्सेलचा; फाइल ८२५६ × ५५०४. रुंदीत फरक जेमतेम पाच टक्क्यांचा. ३०० डीपीआयने छापलं तर कॅननचा फोटो २९ इंच रुंद निघतो, निकॉनचा साडेसत्तावीस. भिंतीवरच्या फोटोसमोर उभं राहून हा दीड इंच कोणी ओळखून दाखवावा! निव्वळ आकड्यासाठी कॅनन घेणार असाल तर तो विचार इथेच सोडा.

निवड करायची ती उजेड कसा मिळणार आहे यावरून. उदाहरण जवळचंच घेऊ. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात भर दुपारी आतून बाहेर बघत फ्रेम लावा: पुढे काळ्या बेसॉल्टचे खांब, मागे उन्हात तळपणारं अंगण आणि गोल नंदीमंडप. अंगण जळू नये म्हणून एक्स्पोजर तिथलं धरलं की खांब सहज चार स्टॉप खाली जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). आता रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) उघडून शॅडो उचला, म्हणजे अंधारे भाग उजळा. डी८५० मध्ये चार स्टॉप उचलल्यावरही छिन्नीचे घाव दिसतात आणि दाणा बारीकच राहतो. ५डीएस आरमध्ये दोन स्टॉपपर्यंत सगळं ठीक. तिसऱ्याला काळ्या भागात लालसर-हिरवे ठिपके उमटू लागतात. चौथ्याला दगडाचा पोत जाऊन नुसता गाळ उरतो, कधी फिकट पट्टेही दिसतात. कॅमेऱ्यांचे सेन्सर तपासणाऱ्या डीएक्सओमार्कच्या मोजणीत बेस आयएसओला (सर्वांत कमी मूळ संवेदनशीलतेला) डी८५० ची डायनॅमिक रेंज, म्हणजे एकाच फोटोत मावणारा उजेड-अंधाराचा पल्ला, १४.८ स्टॉप आहे, ५डीएस आरची १२.४. डोळ्यांना दिसतं ते या आकड्यांना धरूनच आहे.

कारण सेन्सरच्या बांधणीत आहे. ५डीएस आर कॅननच्या जुन्या पठडीतला: सेन्सरवरचा अॅनालॉग सिग्नल बाहेरच्या चिपपर्यंत जातो, तिथे त्याचे आकडे होतात, आणि या वाटेत लागलेला नॉइज (नको असलेले ठिपके) अंधाऱ्या भागाला चिकटतो. डी८५० मध्ये हे रूपांतर सेन्सरवरच होतं. कॅनननेही २०१६ पासून ५डी मार्क ४ सारख्या कॅमेऱ्यांत तीच पद्धत आणली, पण ५डीएस आर त्याआधीचा. शिवाय डी८५० चा बेस आयएसओ ६४ आहे. आयएसओ १०० पेक्षा दोन तृतीयांश स्टॉप जास्त उजेड सेन्सर सामावून घेतो, म्हणून आकाशासारखे सपाट भाग गुळगुळीत येतात.

कॅनन पदरी असेल तर पाताळेश्वरला ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम घ्या आणि जोडा (ट्रायपॉडची परवानगी आधी विचारून घ्या). खांब हलत नाहीत, पण अंगणातली माणसं हलतात. त्यांच्यासाठी एकच फ्रेम निवडून बाकीच्यांतला तेवढा भाग मास्क करावा, म्हणजे झाकावा लागतो. हे दर फोटोला करायची तयारी आहे का, एवढं स्वतःला विचारा.

हाय आयएसओबद्दल मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. लक्ष्मी रस्त्यावरची रात्रीची विसर्जन मिरवणूक आयएसओ ३२०० ला टिपली तर दोन्ही फाइलींतला फरक वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी निघतो, कारण तिथे नॉइज मुख्यतः उजेडच कमी असल्याचा असतो, सर्किटचा नव्हे. अडचण येते ती दुसरीकडे. ५डीएस आरचा नेहमीचा आयएसओ ६४०० ला थांबतो, वाढवून १२८००. डी८५० चा २५६०० पर्यंत जातो. ऑटोफोकस कॅननचा उणे २ ईव्हीपर्यंत चालतो (ईव्ही हे उजेडाचं माप, जितकं उणे तितका अंधार जास्त), निकॉनचा मधला पॉइंट उणे ४ पर्यंत. ढोल-ताशा पथकातल्या हलत्या चेहऱ्यांवर, मशालींच्या उजेडात, हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो. आणि गुलालाचं लक्षात ठेवा: दोन्ही कॅमेऱ्यांत लाल चॅनेल आधी उडतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) निर्धास्त दिसत असतो आणि गुलालाचा नुसता सपाट डाग झालेला असतो. आरजीबी हिस्टोग्राम लावा, लाल उजव्या कडेला टेकला की दोन तृतीयांश स्टॉप खाली या.

आता कॅननची बाजू. फ्लॅशच्या उजेडात, टेबलावर, जिथे सावली किती ठेवायची हे तुम्हीच ठरवता, तिथे वरची सगळी तक्रार संपते. दागिने, साड्या, पोथ्या, जुनी चित्रं या कामात आयएसओ १०० ला ५डीएस आरची फाइल डी८५० च्या बरोबरीने उभी राहते. डोळे बांधून, म्हणजे नावं झाकून प्रिंट ठेवल्या तर ओळखणं कठीण. पुन्हा कॅननचं १०० एमएम एफ/२.८ एल (कॅननची वरच्या दर्जाची मालिका) मॅक्रो आणि वाड्यांच्या दर्शनी भागासाठी १७ व २४ एमएमची, उभ्या रेषा सरळ ठेवणारी टिल्ट-शिफ्ट लेन्स ही जमेची मोठी बाजू. निकॉनचंही १९ एमएम पीसी (त्यांचं टिल्ट-शिफ्ट) उत्तम आहे, पण पर्याय कमी.

साडीच्या कामात मात्र दोन्ही सारखेच त्रास देतात. डी८५० ला लो-पास फिल्टर (बारीक तपशील किंचित मऊ करून खोट्या लाटा टाळणारा) नाही. ५डीएस आरमध्ये एका फिल्टरचा परिणाम दुसरा पुसून टाकतो. त्यामुळे पैठणीच्या पदराची बारीक वीण पिक्सेलच्या जाळीशी जुळली की जरीवर इंद्रधनुषी लाटा उमटतात. मागच्या स्क्रीनवर छोट्या आकारात दिसणाऱ्या लाटा फसव्या असतात, म्हणून १०० टक्के झूम करूनच ठरवा. खऱ्या असतील तर कॅमेरा हातभर पुढे-मागे करा किंवा पदर थोडा तिरका फिरवा. तरीही गेल्या नाहीत तर अॅपर्चर लहान करून एफ/१६ लावा. डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळे) येणारा किंचित मऊपणा इथे फिल्टरचं काम करतो. सॉफ्टवेअरमधला मॉरे ब्रश (मॉरे म्हणजे याच लाटा) रंग पुसतो, उजेड-अंधाराच्या पट्ट्या तशाच राहतात. रोज साड्याच टिपायच्या असतील तर फिल्टर शाबूत असलेला साधा ५डीएस बघा, आर नको. इतर कामाला एफ/५.६ ते एफ/८ या दरम्यान दोन्ही सेन्सर सर्वांत कडक तपशील देतात. एफ/११ नंतर तो हळूहळू ओसरतो.

एवढ्या पिक्सेलला हात हललेला अजिबात खपत नाही. शटर स्पीडचा ‘एक भागिले फोकल लेंग्थ’ हा जुना नियम इथे तोकडा: १०० एमएमला १/१०० नव्हे, १/२५० धरा. मिररचा धक्का कमी करायला कॅननने मोटर आणि कॅमने हळू उचलला जाणारा मिरर दिला आहे. मिरर उचलल्यानंतर शटर किती उशिरा सुटावं हेही मेनूतून ठरवता येतं. निकॉनचा उपाय त्याच्या पुढचा: क्वाएट किंवा मिरर-अप मोडमध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन चालू केला की एक्स्पोजर सेन्सरच सुरू करतो, शटरचा पहिला पडदा तेव्हा हलतच नाही. १/४ ते १/६० या शटर स्पीडच्या टप्प्यात याचा फायदा स्पष्ट दिसतो.

फोकस दोन मिलिमीटर मागे पडला तरी या फाइलींत दिसतो. डी८५० लाइव्ह व्ह्यूचा (मागच्या स्क्रीनवरच्या थेट चित्राचा) आधार घेऊन लेन्सची फाइन-ट्यून, म्हणजे फोकसची बारीक दुरुस्ती, आपोआप करून देतो, पण झूमसाठी एकच आकडा साठवतो. कॅननमध्ये सगळं हाताने करावं लागतं, मात्र वाइड आणि टेली टोकांचे वेगळे आकडे ठेवता येतात.

एकूण कल निकॉनकडेच. लग्न, निसर्ग, वास्तू, जिथे उजेड तुमच्या हातात नाही तिथे दुसरा विचार नको. कॅननच्या चांगल्या एल लेन्स आधीच घरात असतील आणि काम स्टुडिओतलं असेल, तर लेन्स विकून कंपनी बदलण्यात पैसे घालवू नका. सोबत मिळणाऱ्या स्वस्त झूमवर दोन्ही बॉडी वाया जातात.

५डीएस आर आता जुनाच घ्यावा लागतो, डी८५० ही बहुतेकदा जुनाच परवडतो. शटरची चाचणी निकॉनने २ लाख, कॅननने दीड लाख क्लिकपर्यंत केलेली आहे; ती हमी नव्हे. आतापर्यंत किती क्लिक झाले हा निकॉनचा आकडा फोटोच्या माहितीत सापडतो. कॅननचा काढायला केबल आणि सॉफ्टवेअर लागतं, तेव्हा लॅपटॉप सोबत न्या. एफ/१६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो घेऊन सेन्सरवरचे डाग बघा. टोपण लावून ३० सेकंदांचं एक्स्पोजर घ्या, चमकणारे पिक्सेल त्यात उघडे पडतात. पुण्याच्या पावसाळ्यात बंद बॅगेत पडून राहिलेल्या बॉडीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आणि लेन्समध्ये बुरशीचे तंतू असू शकतात. टॉर्च तिरका मारून पाहा. कार्डचाही खर्च धरा: निकॉनला एक्सक्यूडी आणि एसडी, कॅननला सीएफ आणि एसडी. हजार रॉ फाइलींना निकॉनला ५० जीबीच्या आसपास, कॅननला ६० जीबीच्या आसपास जागा लागते.