बोट पॉलिशच्या नावाखाली ३८,३०० ला गंडवलं, पानशेत-मुळशीकडे बोट असलेल्यांनी जरूर वाचा

"एवढा शिकलेला माणूस फसला कसा" हे ज्यांना विचारायचंय त्यांनी कृपया विचारू नका, घरी ऐकून झालंय. आणि माझ्या जागी कोणीही असता तरी हेच झालं असतं.

आमची १४ फुटी फायबरची बोट आहे, मी आणि चुलतभावांनी मिळून सेकंडहँड घेतलेली, वल्ह्याची, पानशेतच्या बॅकवॉटरला भावाच्या शेतावर ट्रेलरवर उभी असते. उन्हात राहून जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत, चमकदार थर) पांढराफटक झाला होता, हात फिरवला की पावडर यायची. फायबर बोटवाल्यांना हे नवीन नाही, उन्हाने वरचा थर मरतो, तो कंपाउंड (घासायची पेस्ट) आणि बफिंग मशीनने घासून काढायचा, जास्तच मेला असेल तर आधी पाण्याचा पॉलिशपेपर, ८०० नाहीतर १००० नंबरपासून २००० पर्यंत, आणि शेवटी वॅक्स. अंगमेहनतीचं काम. पुण्यात हे करणारे शोधायला गेलं की सगळे कार डिटेलिंगवाले भेटतात, ते म्हणतात बोट नको बाबा. तेवढ्यात ऑनलाइन जाहिरातीत एक जण सापडला, "मरीन स्पेशालिस्ट", गोव्यात काम केलंय म्हणे, बोलायला एकदम गोड, दर वाक्याला "दादा टेन्शन नका घेऊ".

ॲडव्हान्स १२,०००. टेम्पो पाठवून ट्रेलरसकट बोट नऱ्हेला त्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. इथपर्यंत काहीच वावगं नव्हतं, शेड होती, बोर्ड होता, बफिंग मशीनही टेबलावर दिसत होतं (ते चालू झालेलं मात्र कोणी पाहिलं नाही).

मग आला तो फोटो. मी नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, व्हॉट्सॲपवर बुडाचा क्लोजअप, फोडच फोड, आणि मागोमाग फोन, दादा ऑस्मोसिस झालंय, जेलकोटच्या आत पाणी शिरलंय, आज नाही केलं तर पूर्ण हल (बोटीचं मुख्य अंग) जाईल, ९,५०० लागतील, माणूस लावून संध्याकाळपर्यंत करून टाकतो. मी पाठवले. मागे हॉर्न वाजतायत, अशा वेळी कोण फोटो झूम करून बघतं? नंतर रत्नागिरीच्या मेव्हण्याला तोच फोटो दाखवला, त्याने दोन बोटांनी मोठा केला आणि हसायलाच लागला, "अहो भाऊजी, हिला कोपऱ्यात कालवं चिकटलीयेत". कालवं! पानशेतच्या गोड्या पाण्यात! दुसऱ्याच कुठल्यातरी समुद्रातल्या बोटीचा फोटो होता तो, वर लाल अँटीफाउलिंग रंगसुद्धा (शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून बुडाला मारतात तो) दिसत होता आणि आमची बोट तळापासून वरपर्यंत पांढरी आहे. तो लाल रंग मला दिसला होता, मी समजलो प्रायमर मारलाय. हेच डोक्यातून जात नाही, रात्री झोपेत पण ती कालवं दिसतात. बरं ऑस्मोसिस महिनोन्महिने पाण्यात उभ्या राहणाऱ्या बोटींना होतं, आमची वर्षातला बराच काळ जमिनीवर असते. आणि खरंच झालं तर फोड उघडून हल कित्येक आठवडे वाळवावा लागतो, मग इपॉक्सी. संध्याकाळपर्यंत करून देतो म्हणणारा सरळ थापाड्या समजा.

शेवटचा हप्ता १६,८००, "नॅनो सिरॅमिक कोटिंग, पाच वर्षं वॉरंटी". म्हणजे एकूण ३८,३००. बोट परत आली मुद्दाम अंधार पडताना, टॉर्चच्या उजेडात अशी चमकत होती की तेल लावलेलं वांगं. कोटिंग सेट व्हायचंय म्हणून तीन दिवस हात लावायचा नाही, पाणी तर अजिबात नाही. आता कळतं का ते. वळवाची एक सर आली आणि सगळी चमक ओघळून खाली चिखलात, सप्तरंगी तवंग. खाली तीच पावडर आणि वॉटरलाइनचा तोच तपकिरी पट्टा. ना पेपर मारला होता ना कंपाउंड, फक्त सिलिकॉन तेल चोपडलं होतं, गाडीच्या डॅशबोर्डला मारतात तसलं.

तपासायचं कसं ते लिहून ठेवा. पांढऱ्या फडक्यावर थोडं ॲसिटोन घेऊन एका कोपऱ्यात पुसा, चमक गेली तर ती वरची मलमपट्टी, खरं बफिंग केलेला जेलकोट पुसून मंद होत नाही. आणि ताबा दिवसाउजेडी घ्या, काही झालं तरी.

फोन अर्थात बंद. शेडवर गेलो तर कुलूप, शेजारचा चहावाला म्हणतो महिन्याच्या भाड्यावर होता, गेला.

आता पोलीस. माझं घर एका हद्दीत, शेड दुसऱ्या, बोट तिसऱ्या, त्यामुळे प्रत्येक चौकीला मी दुसऱ्या चौकीचा. एक साहेब म्हणाले काम तर केलंय ना त्याने, नीट नाही केलं, ही दिवाणी बाब आहे, वकील करा. अहो, दुसऱ्याच्या बोटीचा फोटो पाठवून ९,५०० घेतले ही दिवाणी बाब? १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठेही घडो, माहिती नोंदवून घ्यायची, हद्दीचं कारण नाही. हे म्हटलं तर वर विचारतात, तुम्ही वकील आहात का. एकाने तर "बोट बाळगता म्हणजे पैसेवाले दिसता" असं तोंडावर ऐकवलं. तिघांत मिळून घेतलेली जुनी वल्ह्याची बोट आहे हो, यॉट नाही. बँकेत गेलो तर पेमेंट तुम्हीच पिन टाकून केलंय, आम्ही काय करणार. क्यूआर कोडवरचं नाव बोर्डवरच्या नावापेक्षा वेगळं होतं, त्या खातेदाराची माहिती तरी काढून द्या म्हटलं, तर प्रायव्हसी. चोराची प्रायव्हसी!

ऑनलाइन पैसे गेले असतील तर तासाभरात १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, उशीर झाला की खातं रिकामं झालेलं असतं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षं, मी ती तक्रार करतोय. पण हातात पावती असलेली बरी, मी फक्त व्हॉट्सॲपवर "रिसीव्ड दादा" घेऊन बसलोय, तेव्हा छापील बिल घ्या, त्यावर कुठलं कंपाउंड, कुठलं वॅक्स तेही लिहून घ्या. काम चालू असताना न सांगता जाऊन उभं राहा, खरं घासलं असेल तर जमीन आणि माणूस दोन्ही पांढरे झालेले असतात.

वाईट म्हणजे वरची चमक गेली तरी आत मुरलेलं सिलिकॉन आता सहज निघत नाही. एक खरा फायबरवाला मिळालाय, तो म्हणतो जेलकोटला पॅच मारायचा तर आधी सगळं तेल उतरवावं लागेल, नाहीतर नवीन थर धरणार नाही, जागोजागी खळगे पडतील. त्याचे वेगळे ४,००० सांगितलेत. भाऊ म्हणतायत ते तू एकट्याने भर.

त्या टेम्पोचा नंबर गेटवरच्या कॅमेऱ्यात मिळालाय. उद्या तो घेऊन परत चौकीत जातोय, बघू आता कोणाची हद्द निघते.