उबुंटू २४.०४ वर मॅटप्लॉटलिब: मराठी अहवालांसाठी काही महिने वापरल्यावर

तालुकानिहाय पावसाचे आलेख काढणं हे माझं रोजचं काम. काही महिन्यांपूर्वी हे सगळं एक्सेलमधून काढून मॅटप्लॉटलिबवर, म्हणजे पायथनमध्ये आलेख काढायच्या लायब्ररीवर, आणलं. लायब्ररी उत्तम आहे आणि मी ती सोडणार नाही. पण उबुंटूवर (हे लिनक्स) ज्या अडचणी आल्या, त्यातल्या बहुतेक तिच्या आजूबाजूच्या गोष्टींमुळे होत्या. एक मात्र थेट तिच्यातच आहे, आणि आपल्यासाठी तीच सर्वात महत्त्वाची.

आधी इन्स्टॉलेशन. ॲप्टमधून, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेज व्यवस्थेतून, जुनी ३.६ मालिका मिळते. नवी हवी म्हणून पिप (पायथनचा स्वतःचा इन्स्टॉलर) चालवलं की उबुंटू नकार देतं; २३.०४ पासून हे असंच आहे. तो नकार डावलायचा पर्याय आहे, पण वापरू नका. होम फोल्डरमध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची आवृत्ती २ येऊन बसते, सिस्टिममधली मॅटप्लॉटलिब मात्र नमपाय १ साठी कंपाइल केलेली असते, आणि इम्पोर्टलाच सगळं कोसळतं. प्रत्येक प्रकल्पाला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे लायब्रऱ्यांचा स्वतंत्र कप्पा, करा. शंका आली तर लायब्ररी नेमक्या कुठल्या फोल्डरमधून उचलली जातेय ते छापून बघा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

मग खिडकीच उघडत नाही. कोड चालतो, एरर नाही, फक्त 'एजीजी नॉन-इंटरॲक्टिव्ह आहे' अशी सूचना, म्हणजे चित्र बनतं पण खिडकीत दाखवता येत नाही. कारण साधं आहे: उबुंटूच्या पायथनसोबत टीकेइंटर (खिडक्या उघडणारा भाग) येत नाही, 'पायथन३-टीके' हे पॅकेज ॲप्टने वेगळं टाकावं लागतं. मी पुढे क्यूटीवर (खिडक्या उघडणारी दुसरी लायब्ररी) गेले, तर तिचं पडद्याशी जोडणारं एक्ससीबी प्लगिन लोड होईना. क्यूटी ६.५ पासून त्याला 'लिबएक्ससीबी-कर्सर०' लागतं. एरर लांबलचक असते, पण नाव तिच्यातच लिहिलेलं असतं, शेवटपर्यंत वाचा.

आता मराठीबद्दल. मूळचा फाँट डेजाव्हू सॅन्स, त्यात देवनागरी नाही, म्हणून अक्षरांच्या जागी चौकोन येतात. नोटो सॅन्स देवनागरी टाकला तरी चौकोन राहिले, तर होममधल्या लपलेल्या कॅश फोल्डरातली मॅटप्लॉटलिबची फाँटयादी पुसा. चौकोन जातात, आणि खरा घोळ तेव्हा दिसतो. 'किनवट'चं 'कनिवट' होतं, 'शिरपूर'चं 'शरिपूर'! मी वापरते त्या ३.१० मालिकेत अक्षरं साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक मांडली जातात. ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी न्यायची असते हे तिला कळतच नाही. 'पर्जन्य'मधला रफार चढत नाही, पाय मोडलेला र तसाच उभा राहतो. चौकोन निदान लगेच डोळ्यात भरतात. 'कनिवट' घाईत नजरेतून सुटतं आणि गावाचं नाव चुकीचं छापून जातं. सरकारी अहवालात, शाळेच्या पुस्तकात हे चालवून घेण्यासारखं नाही.

पीजीएफ बॅकएंड आणि झीलाटेक (मजकूर मांडणीच्या लाटेक प्रणालीचा एक प्रकार) यांनी अक्षरं नीट जुळतात, पण वेळ फार लागतो आणि लाटेकचा मोठा पसारा मशीनवर घ्यावा लागतो. मला मानवला तो मार्ग एसव्हीजी या चित्र-फाइल प्रकाराचा. 'एसव्हीजी.फाँटटाइप' ही सेटिंग 'नन' करायची. मग मॅटप्लॉटलिब अक्षरांचे आकार स्वतः काढत नाही, मजकूर मजकूर म्हणूनच फाइलमध्ये ठेवते, आणि जोडणी फायरफॉक्स किंवा इंकस्केप (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) करतं. किनवट किनवटच राहतं. मजकुराची रुंदी मात्र मॅटप्लॉटलिब तिच्या तुटक्या मांडणीवरूनच मोजते, त्यामुळे समास थोडे चुकतात. लांब नावांसाठी डावीकडे जास्त जागा हाताने सोडते.

बाकी किरकोळ. सगळ्या तालुक्यांचे आलेख एका लूपमध्ये काढताना प्रत्येक आकृती बंद करा. वीसच्या वर उघड्या राहिल्या की लायब्ररी बजावते, आणि मेमरी खरंच भरत जाते.

एसव्हीजी दुसऱ्याला पाठवायची असेल तर त्याच्या मशीनवर तोच फाँट हवा. तो असेलच असं नाही, म्हणून मी इंकस्केपमध्ये मजकुराचे पाथ, म्हणजे नुसते रेखाकार, करते, पीडीएफ काढते आणि तालुक्यांची नावं एकेक वाचूनच फाइल पुढे पाठवते.