होल्मियम डायबोराइड: शेवटच्या टप्प्यासाठी उत्तम, पण एकट्याने भागणार नाही

साध्या दाबाला हायड्रोजन 20.3 केल्विनवर द्रव होतो. आजच्या कारखान्यांत त्यासाठी किलोमागे साधारण 10 ते 13 युनिट वीज लागते. सिद्धांताप्रमाणे चारेक युनिटांत भागायला हवे. ही तफावत कमी करण्यासाठी चुंबकीय शीतनाकडे (चुंबकीय क्षेत्र चढवले की पदार्थ तापतो, काढले की थंड होतो, या गुणावर चालणाऱ्या पद्धतीकडे) पाहिले जाते, आणि त्यातला सर्वांत लक्षवेधी पदार्थ म्हणजे होल्मियम या धातूचे बोरॉनशी झालेले संयुग, होल्मियम डायबोराइड. जपानमधल्या त्सुकुबाच्या निम्स या पदार्थविज्ञान संस्थेने 2020 मध्ये मशीन लर्निंगच्या मदतीने त्याचा हा गुण हुडकला.

चुंबकीय क्षेत्रातल्या पाच टेस्लाच्या (टेस्ला हे क्षेत्राचे एकक) बदलाला 15 केल्विनजवळ त्याची एंट्रॉपी (अव्यवस्थेचे माप; ती जितकी जास्त बदलते तितकी जास्त उष्णता हलते) किलोमागे 40.1 जूल प्रति केल्विन बदलते. खरे मोल मात्र दुसऱ्या आकड्याचे: घनसेंटिमीटरमागे 0.35 जूल प्रति केल्विन. अतिवाहक चुंबकाच्या पोकळीतली जागा फार महाग असते, त्यामुळे किलोपेक्षा घनफळाचा हिशेब आधी पाहावा. चुंबकीय संक्रमण दुसऱ्या दर्जाचे, म्हणजे उडी न मारता सलग होणारे असल्याने प्रत्येक फेरीत हिस्टेरिसिसचा (जाताना आणि परतताना वाट वेगळी असल्याने वाया जाणाऱ्या ऊर्जेचा) भुर्दंड बसत नाही. 11 केल्विनजवळ चुंबकत्वाची दिशा फिरते, त्याने उपयोगी पट्टा आणखी रुंदावतो.

पण हा पट्टा तळाचाच. द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनपासून 20 पर्यंत उतरायचे तर वेगवेगळ्या क्युरी तापमानांच्या (ज्या तापमानाला पदार्थाचे चुंबकीय संक्रमण होते त्याच्या) पदार्थांचे थर रचावे लागतात. वरच्या थरांना एर्बियम-कोबाल्टच्या जातीचे मिश्रधातू चांगले. मूळ एर्बियम-कोबाल्टचे संक्रमण पहिल्या दर्जाचे, म्हणजे एकदम उडी मारणारे असते. आकारमान बदलत राहून दाणे तडकतात. लोह, निकेल किंवा अल्युमिनियमची किंचित भर घातली की हा त्रास बराच आटोक्यात येतो.

खरेदी करताना ढेकूळ घेऊ नये, वायूच्या फवाऱ्याने बनवलेले गोल छर्रे घ्यावेत. उष्णता वाहून नेणारा हेलियम त्यांच्यामधून पुढे-मागे वाहतो. कुटलेल्या तुकड्यांच्या कडा झिजतात, भुकटी जाळीत अडकते, दाबाची घट वाढते आणि पंपाचीच उष्णता शीतन खाऊन टाकते. छर्रे फार मोठे असले तर आतली थंडी वेळेत बाहेर येत नाही; अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे, एकसारखे चाळलेले बरे. सोबत क्ष-किरण विवर्तनाचा (पदार्थात कोणकोणती संयुगे आहेत ते दाखवणारा) आलेख मागावा. वितळवताना होल्मियम टेट्राबोराइड आणि मोकळा होल्मियम मागे राहू शकतो. मोकळा होल्मियम हायड्रोजन शोषून भुगा होतो, म्हणून छर्ऱ्यांतून हायड्रोजन थेट न सोडता हेलियमच फिरवावा.

किंमत हा मोठा अडसर आहे: होल्मियम एर्बियमहूनही दुर्मीळ. त्यामुळे तो फक्त सर्वांत थंड थरात वापरणे शहाणपणाचे.

आणखी एक गोष्ट या पदार्थाच्या आवाक्याबाहेरची आहे. हायड्रोजनच्या रेणूचे दोन प्रकार असतात, ऑर्थो आणि कमी ऊर्जेचा पॅरा; खोलीच्या तापमानाचा हायड्रोजन तीन-चतुर्थांश ऑर्थो असतो. वाटेत लोह ऑक्साइडचा उत्प्रेरक ठेवून त्याचा पॅरा केला नाही, तर टाकीत ते रूपांतर हळूहळू होते. त्यात किलोमागे सुटणारी सुमारे 527 किलोजूल उष्णता बाष्पीभवनाच्या 446 पेक्षा जास्त असते. जमवलेला द्रव मग आपोआप उडून जातो.